सहीच्या आधीचे पाच प्रश्न

चौसाळ्याच्या बचत गटाकडून आम्ही बोलतोय. आजचं बोलणं जरा जुन्या गोष्टींचं आहे, पण सुरुवात आपल्या घरातल्याच गोष्टीने करू.

दिवाळीच्या आधी आमच्या गटातल्या एका ताईला भावाचा फोन आला. "उद्या बीडला रजिस्ट्री ऑफिसात ये. एक सही करायची आहे. जेवण आपल्याकडेच. तुझ्या वहिनीने साडी घेऊन ठेवलीय." ताई संध्याकाळी बैठकीला आली आणि तिने विचारलं, "सही करू का?"

आम्ही सगळ्या गप्प. कागद हक्कसोडपत्राचा असणार, एवढं सगळ्यांना कळलं होतं. वडील वारून वर्ष झालं होतं, साडेसहा एकर जमीन होती. पण सही केली तर नेमकं काय जातं, नाही केली तर काय मिळतं, आणि तिला हक्क मुळात आहे का, हे एकीलाही ठामपणे सांगता येईना. एक म्हणाली, "लग्नात हुंडा दिला, मग कशाचा हक्क?" दुसरी म्हणाली, "टीव्हीवर सांगतात, मुलीला अर्धं मिळतं." तिसरी म्हणाली, "सही केली नाही तर माहेर तुटतं, एवढं मला माहीत आहे." आमच्यात बी.ए. झालेली बाई आहे, हिशेब लिहिणारी आहे, बँकेत जाऊन मॅनेजरशी बोलणारी आहे. पण कायद्याचा प्रश्न आला की आम्ही सगळ्या अंगठेबहाद्दर.

ताईने त्या दिवशी भावाला सांगितलं, "बैठक आहे, उद्या जमणार नाही." आणि आम्ही ठरवलं की कायद्याचा पाया शिकायचा. फोनवर एक ऑनलाइन अभ्यासक्रम मिळाला. कायदा म्हणजे काय, तो कुठून येतो, न्यायालयं कशी चालतात, अशी पायाभूत ओळख. बोलणं हिंदीत, मधेमधे इंग्रजी. दर बुधवारी बैठक संपली की फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवायचा, दहा मिनिटं ऐकायचं, मग थांबवून आपल्या भाषेत सांगायचं. दसऱ्यानंतर निम्म्या बाया ऊसतोडीला गेल्या. त्यांच्यापैकी दोघी तिघी रात्री फडावरून रेंज लागेल तेव्हा ऐकायच्या आणि आवाजाचे मेसेज पाठवून प्रश्न विचारायच्या.

सुरुवातीला वाटलं, हे आपल्या आवाक्यातलं नाही. मग 'पूर्वनिर्णय' असा शब्द आला. वरच्या न्यायालयाने एकदा एक गोष्ट ठरवली की तशाच दुसऱ्या खटल्यात खालच्या न्यायालयाला ती मानावी लागते. आमच्यातली एक आजी चटकन म्हणाली, "म्हणजे थोरल्या सुनेला जे दिलं, ते धाकटीला मागता येतं." अगदी तेच! 'पुराव्याचा भार' असा शब्द आला. जो दावा करतो त्याने सिद्ध करायचं. तर आपल्या गटात काय करतो? कुणी म्हणाली, मी हप्ता भरला, तर आपण म्हणतो, वही दाखव. ठराव, सह्या, इतिवृत्त, हिशेबाची वही, हे सगळं आपण दर महिन्याला करतो. कायद्याचं बी आपल्या पेटीतच होतं, नाव तेवढं माहीत नव्हतं.

अभ्यासक्रमातून आमच्या हाती पाच प्रश्न लागले. कोणताही कागद समोर आला की विचारायचे. हा कायदा आला कुठून? तो कुणाला आणि कुठे लागू आहे? केव्हापासून लागू आहे? पुरावा काय? आणि दाद मागायची कुठे? या प्रत्येक प्रश्नामागे आपल्याच मुलखातला इतिहास आहे. तो तुम्हाला सांगायचा आहे.

पहिला प्रश्न, कायदा आला कुठून. यासाठी रखमाबाईंची गोष्ट ऐका. मुंबईच्या सुतार समाजातली ही मुलगी, जन्म १८६४ चा. वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं. पण ती आईकडेच राहिली. तिची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न करून राहत होती. घरात पुस्तकं होती, मुलगी वाचत होती. मोठी झाल्यावर तिने नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये दादाजी मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. बायको माझ्या ताब्यात द्या, असा दावा लावला.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं नीट ऐका, कारण पाया तिथेच आहे. ते म्हणाले, बाईला जबरदस्तीने नांदायला पाठवण्याचा हा दावा इंग्लंडच्या कायद्यातून आला आहे, हिंदू धर्मशास्त्रात तो नाही. जी कधी नांदलीच नाही, तिला या दाव्याखाली ओढता येणार नाही. म्हणजे ज्याला लोक "आपली रीत" म्हणत होते, तो निम्मा परदेशातून आलेला कायदा निघाला! अपिलात १८८६ मध्ये हा निकाल उलटला. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोग. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. सगळ्या देशात आणि विलायतेतही गाजावाजा झाला. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या, सुरत आणि राजकोटला आयुष्यभर बायांवर उपचार केले.

त्या खटल्याने जो वाद पेटला, त्याच वादात १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं वय दहावरून बारा केलं, एवढंच. पण विवाहित मुलीच्या शरीराबद्दल सरकारने कायदा करावा का, यावर पुण्या-मुंबईत सभा गाजल्या, टिळकांसारख्या मोठ्या माणसांनी विरोध केला. त्यानंतर १९२९ चा शारदा कायदा आला, मुलीचं वय चौदा. १९७८ मध्ये अठरा. २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा आजचा कायदा. दहापासून अठरापर्यंत यायला सत्त्याऐंशी वर्षं लागली. आणि आपल्या बीड जिल्ह्यात आजही तोडीला जायच्या आधी मुलीचे हात पिवळे करून टाकतात, कारण एक नवरा-बायको म्हणजे एक कोयता. कायदा झाला म्हणजे काम झालं असं नाही, हेही रखमाबाईंच्या गोष्टीतूनच कळतं.

दुसरा प्रश्न, कुणाला आणि कुठे लागू. हा प्रश्न आपल्या मराठवाड्याइतका कुणालाच माहीत नसेल. रखमाबाईंचा खटला चालला तेव्हा बीड जिल्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात नव्हताच. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. कचेरीची भाषा उर्दू. इंग्रजी इलाख्यात झालेला कायदा आपल्याकडे आपोआप लागू होत नसे. आजही एखाद्या घरात पणजोबांच्या पेटीत उर्दू कागद निघतो आणि घरात वाचणारं कुणी नसतं. आपल्या तोंडात बसलेले शब्द बघा. वकील, फिर्याद, दावा, जामीन, तहसील, कैद, हक्क. हे सगळे अरबी-फारसीतून आलेले. ज्या कागदावर आपल्या बापजाद्यांची जमीन लिहिलेली होती, तो कागद बाईला तर सोडाच, गावातल्या बहुतेक पुरुषांनाही वाचता येत नव्हता.

१९३७ मध्ये डॉ. गो. वि. देशमुख या मराठी पुढाऱ्याच्या प्रयत्नांतून हिंदू स्त्रियांच्या संपत्तीच्या हक्काचा कायदा झाला. विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीत वाटा मिळाला. पण तो वाटा जगण्यापुरता होता. ती राहू शकते, खाऊ शकते, पण मोठी गरज दाखवल्याशिवाय विकू शकत नाही. तिच्या मागे तो पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे. आणि हा कायदा इंग्रजी मुलखातला. चौसाळ्याच्या विधवेने त्याचं नाव घेऊन उपयोग नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. मुक्तिसंग्राम दिनाला आपण झेंडा लावतो. त्या दिवशी एवढंही आठवावं की त्यानंतर आपल्या आज्यांना देशातल्या बाकी बायांसारखा एकच कायदा मिळण्याची वाट मोकळी झाली.

"कुणाला लागू" याचं दुसरं अंग धर्माचं. वारसा हक्काचा १९५६ चा कायदा नावाने हिंदू असला तरी तो बौद्ध, जैन आणि शीख बायांनाही लागू आहे. आमच्या गटातल्या बौद्ध मैत्रिणींना हे ऐकून नवल वाटलं. मुस्लीम मैत्रिणींना त्यांचा वेगळा कायदा आहे. त्याच्याकडे पुराव्याच्या प्रश्नात येऊ.

तिसरा प्रश्न, केव्हापासून. ताईचं उत्तर याच प्रश्नात दडलेलं होतं.

देश स्वतंत्र झाल्यावर कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल पुढे नेलं. लग्न, घटस्फोट, दत्तक, वारसा, सगळं एका कायद्यात, आणि त्यात बाईला हक्क. संसदेत मोठा विरोध झाला. बिल रखडलं. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागे हे बिल रखडणं हे एक मोठं कारण होतं. पुढे तेच बिल तुकड्या-तुकड्यांनी मंजूर झालं. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये लागू झाला. रखमाबाई तेव्हा हयात होत्या, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. जून १९५६ मध्ये वारसा कायदा लागू झाला. त्यात दोन गोष्टी झाल्या. बाईच्या हाती आलेली मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची झाली, जगण्यापुरती नव्हे. आणि बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलीला मुलाएवढा वाटा मिळाला.

पण वडिलोपार्जित जमिनीत गाठ राहिली. तिथे मुलगा जन्माला आला की वाटेकरी होतो आणि मुलगी होत नाही. बाप गेला की आधी जिवंत वाटेकऱ्यांमध्ये हिशोबाने वाटणी धरायची, मग बापाच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात मुलीला हिस्सा. समजा एक बाप, एक मुलगा, एक मुलगी, आई आधीच गेलेली आणि सहा एकर जमीन. मुलाला जन्माचे तीन एकर, बापाचे तीन एकर. बापाच्या तीनात दोघांना दीड-दीड. म्हणजे मुलाला साडेचार आणि मुलीला दीड. आम्ही हे गणित हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडलं, तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

ही गाठ आपल्या महाराष्ट्राने देशाच्या आधी सोडवली. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात मुलगी जन्मानेच वाटेकरी झाली. पण अट होती. त्या तारखेच्या आधी जिचं लग्न झालं, तिला हा हक्क नाही. आमच्या गटात दोघी सख्ख्या बहिणी आहेत. थोरलीचं लग्न मे १९९४ च्या कडक उन्हात झालं, धाकटीचं १९९६ मध्ये. एक बाप, एक आई, एक जमीन, पण महिनाभराच्या फरकाने थोरली बाहेर आणि धाकटी आत. थोरली म्हणाली, "माझा मुहूर्त पंचांगात चांगला होता, कायद्यात वाईट निघाला."

तिची दाद लागली ती ९ सप्टेंबर २००५ ला. केंद्राने सगळ्या देशासाठी कायदा बदलला. लग्न झालेली असो, नसो, मुलगी जन्मानेच वाटेकरी. मग प्रश्न आला की त्या तारखेला बाप जिवंत हवा का? न्यायालयांत वेगवेगळे निकाल आले. 'पूर्वलक्षी' म्हणजे मागच्या काळाला धरून, हा शब्द आम्ही तेव्हा शिकलो. एकीने विचारलं, "आता पडलेला पाऊस मागच्या पेरणीला धरायचा का?" ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात त्याचं उत्तर दिलं. मुलीचा हक्क जन्माने आहे, म्हणून २००५ मध्ये बाप जिवंत होता की नव्हता हा प्रश्नच येत नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी केलेल्या दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटणी झाली असेल, तर ती मोडत नाही. आणि "आमची तोंडी वाटणी झाली होती" असं नुसतं म्हणून भागत नाही.

म्हणजे त्या ताईला हक्क होता का? होता. घरात आधी वाटणी झालेली नव्हती, जमीन वडिलोपार्जित होती. आता वरचं गणित पुन्हा मांडलं. सहा एकर, एक बाप, एक मुलगा, एक मुलगी. जन्माने तिघांचे दोन-दोन. बापाच्या दोनात दोघांना एक-एक. मुलाला तीन, मुलीला तीन. दीडाचे तीन व्हायला पन्नास वर्षं लागली.

कायद्याच्या बाहेरूनही या प्रश्नाला हात घालणारे होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेने शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती' हा कार्यक्रम हाती घेतला. नवऱ्याने आपल्या हयातीतच, कुणी न सांगता, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. अनेक गावांत तसे सातबारे झाले. कोर्टाच्या पायरीशिवाय हे झालं, म्हणून आम्हाला ते मोठं वाटतं.

चौथा प्रश्न, पुरावा काय. इथे नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना आठवायचं. जन्म १८६६. पुण्यात शिकल्या, १८८९ मध्ये ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेल्या. १८९२ मध्ये परीक्षा पास झाल्या, पण बाईला पदवी देत नाही म्हणून पदवी हाती पडली ती १९२२ मध्ये, तीस वर्षांनी! भारतात परत आल्या तर वकिलीची सनद मिळेना. बायकांना वकिली करता येईल असा कायदा १९२३ मध्ये झाला. मधल्या काळात त्यांनी पडद्यात राहणाऱ्या बायांचं काम केलं. १९०४ पासून सरकारने त्यांना त्यासाठी नेमलं. मोठ्या वाड्यातल्या विधवा, हजारो एकरांच्या मालकिणी, आणि पडद्याआडून पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवणाऱ्या. कागदात काय आहे हे दिवाणजीला माहीत, दिराला माहीत, तिला नाही.

अशा बायांसाठी न्यायालयांनी त्या काळी एक मोठा नियम पक्का केला. पडद्यातल्या बाईने कागदावर सही किंवा अंगठा केला, तर ज्याला त्या कागदाचा फायदा आहे, त्यानेच सिद्ध करायचं की तिला मजकूर नीट समजावून सांगितला होता आणि तिने मनाने सही केली होती. पुढे काही खटल्यांत न शिकलेल्या खेड्यातल्या बायांनाही हे संरक्षण मिळालं. पण मैत्रिणींनो, त्याच्यावर विसंबू नका. तुम्ही शिकलेल्या आहात, गटाच्या ठरावावर सही करता, असं उद्या कोर्टात म्हणतील. न वाचता सही करायची आणि मग वर्षानुवर्षं सिद्ध करत बसायचं, यापेक्षा आधी वाचलेलं बरं.

पुराव्याचीच दुसरी गोष्ट मुस्लीम मैत्रिणींची. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लीम बायांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढला. मागणी होती, तोंडी तलाक बंद करा. सातच बाया! आज आपल्या गटाच्या बैठकीला त्याहून जास्त असतात. पुढे २००२ मध्ये आपल्या मराठवाड्यातल्या पोटगीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं की बायको पोटगी मागायला आली, आणि नवऱ्याने उत्तरात नुसतं लिहिलं की मी हिला आधीच तलाक दिला आहे, तर ते चालणार नाही. कारण काय होतं, समेटाचा प्रयत्न झाला का, तलाक खरंच दिला का, हे त्याने सिद्ध करावं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात तीनदा तलाक म्हणणं रद्द ठरवलं आणि २०१९ मध्ये तो गुन्हा झाला. सात बायांच्या मोर्चापासून तिथपर्यंत त्रेपन्न वर्षं.

पाचवा प्रश्न, दाद कुठे. आपल्या आज्यांच्या काळी बीडच्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे हैदराबाद. १९५६ नंतर मुंबई. १९८१ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला खंडपीठ आलं, तेव्हा कुठे रात्रीची गाडी न धरता जाता येऊ लागलं. पण बाईची खरी अडचण अंतराची नव्हती, वकिलाच्या फीची होती. त्यासाठी १९८७ चा विधी सेवा कायदा आहे, तो नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्यात बाईला मोफत वकील मिळतो. यात उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कारण बाई असणं एवढंच पुरेसं आहे. बीडला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बसतं. फोन करायचा तर १५१०० हा देशभराचा नंबर आहे. आम्ही अभ्यासक्रमात हे ऐकलं तेव्हा एक बाई म्हणाली, "एवढी वर्षं मी गटाचं कर्ज काढून वकिलाला पैसे दिले."

एक सावधगिरीही सांगतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदललेत. पोटगीचं जुनं कलम १२५ आता नव्या संहितेत १४४ आहे, छळाचं ४९८-अ आता ८५ आहे. कलमाचा नंबर विसरलात तरी चालेल. पाच प्रश्न विसरू नका.

आता जमिनीच्या कागदाचं थोडक्यात. बाप गेला की तलाठ्याकडे वारसांची नोंद होते. फेरफार घेताना सगळ्यांना नोटीस येते आणि पंधरा दिवसांत हरकत घेता येते. ती नोटीस कुणीतरी तुमच्या वतीने सही करून घेत असेल, तर विचारा. फेरफार झाला नाही म्हणून हक्क जात नाही, आणि सातबारावर नाव लागलं म्हणजेच मालकी पक्की असंही नाही. पण नाव असलेलं बरं. हक्कसोडपत्र मात्र नोंदणी करूनच होतं. दुय्यम निबंधकासमोर फोटो निघतो, अंगठा लागतो. तो झाला की परत फिरणं फार अवघड.

तर त्या ताईचं काय झालं? तिने भावाला फोन केला. म्हणाली, "दादा, कागद आधी माझ्याकडे पाठव. आठ दिवस वाचते. मग बोलू." भाऊ रागावला. "तुला कुणी शिकवलं हे?" म्हणाला. त्या दिवाळीला भाऊबीजेला तो आला नाही. ताईने ताट वाढून ठेवलं होतं. बैठकीत ती रडली आणि आम्हाला म्हणाली, "तुमच्या कायद्याने माझं माहेर नेलं." आमच्याकडे उत्तर नव्हतं. कुठल्याही अभ्यासक्रमात त्याचं उत्तर नाही. आम्ही नुसत्या तिच्याजवळ बसलो.

संक्रांतीनंतर भावजय आली, एकटीच. कागद घेऊन आली होती. दोघींनी मिळून तो वाचला. भावजय म्हणाली, "मलापण माझ्या माहेरी असाच कागद दिला होता. मी सही केली. साडी अजून पेटीत आहे, नेसले नाही." ताईने अजून सही केलेली नाही. दोन एकरांवर तिचं नाव लावायचं आणि बाकीचं भावाला राहू द्यायचं, असं बोलणं सुरू आहे. पुरा हक्क घ्यायचा की थोडा सोडायचा, हे ती ठरवेल. कायदा तिला ठरवून देत नाही. पण सोडायचं झालं तरी आता ती काय सोडते आहे ते तिला माहीत आहे. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी केली तेव्हा त्यांनाही ठाऊक होतं की कशासाठी.

येत्या बुधवारी बैठकीला प्रत्येकीने आपल्या माहेरचा आणि सासरचा गट नंबर लिहून आणा. सातबारा फोनवर काढता येतो, आम्ही काढून देऊ. ज्या तोडीवर आहेत त्यांनी मेसेज करा. आधी आपलं नाव कुठे आहे आणि कुठे नाही ते बघू. मग पुढचं शिकू.

चौसाळ्याहून, आम्हा सगळ्यांचा नमस्कार.